वाईटपणा कोणी घ्यायचा?

बालदिन नुकताच झाला. प्रभातफेऱ्या निघाल्या, नेहरूंच्या प्रतिमेला हार घातले गेले, मुलांना खाऊ मिळाला. आता २० नोव्हेंबरचा बालहक्क दिन येतो आहे. १९८९ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांची संहिता मंजूर केली आणि ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने ती स्वीकारली. बालदिन आणि बालहक्क दिन यांमधला आठवडा बालहक्क सप्ताह म्हणून पाळला जातो. जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा आणि सहभागाचा असे मुलांचे चार हक्क व्यासपीठांवरून सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत. पण वाशीम जिल्ह्यात हा आठवडा कोणत्या दिवसांत येतो, हे पाहिले की नुसत्या सांगण्याने भागणार नाही, हे ध्यानात येते.

सोयाबीन निघून बाजार समितीत गेलेले असते. तूर शेतात उभी असते, हरभऱ्याची पेरणी उरकत आलेली असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदा चार पैसे येतात ते याच सुमारास. तुळशीची लग्ने लागली की माणसांच्या सोयरिकींच्या बोलण्यांना वेग येतो. याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि हजेरीपटावर काही नावांपुढे ओळीने गैरहजेरी लागत जाते. त्यातली काही मुले आईबापांबरोबर गाव सोडून गेलेली असतात. काही मुलींसाठी स्थळ पाहणे सुरू झालेले असते. आपण मुलांच्या हक्कांवर बोलत असतो, त्याच आठवड्यात आपल्याच गल्लीत एखाद्या मुलीचे सगळे आयुष्य चार माणसांच्या बैठकीत ठरून जाते.

आणि ते गावाला माहीत असते. मंडपवाल्याला तारीख माहीत असते, आचाऱ्याला पंगतीचा अंदाज दिलेला असतो, किराणा दुकानात यादी गेलेली असते. मुलगी आठवीत आहे हे तिच्या बाईंना ठाऊक असते. तिच्या जन्माची नोंद अंगणवाडीच्या रजिस्टरात असते, आशाताईने तिला लहानपणी लशीसाठी नेलेले असते. एवढ्या साऱ्या माणसांपैकी कोणीही मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा क्रमांक फिरवत नाही. विचारले तर उत्तर एकच येते: ‘कायले वाईटपना घेता भाऊ? त्यायची पोरगी हाये, ते पाहून घेतीन.’

बालसंरक्षणाचे खरे दुखणे इथे आहे. गावात माहिती पुरेशी असते. कायदेही पुरेसे आहेत. कमी पडते ती वाईटपणा घेण्याची तयारी. म्हणून जनजागृती करायची असेल तर ती याच ठिकाणी व्हायला हवी.

ही तयारी नसणाऱ्याला भित्रा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्याने तक्रार करायची त्याच्या शेताचा धुरा मुलीच्या बापाच्या धुऱ्याला लागून असतो. नांगरटीला ट्रॅक्टर त्याच्याच भावाचा येतो. अंगणवाडी सेविकेला उद्या त्याच घरी पोषण आहाराचे सांगायला जायचे असते. सरपंचाला पुढची निवडणूक दिसते. मुख्याध्यापकाला शाळेचा पट टिकवायचा असतो. एकट्या माणसाने गावाशी वैर पत्करावे, अशी अपेक्षा ठेवून कोणतीही व्यवस्था चालत नाही. ती चालते तेव्हा, जेव्हा वाईटपणा एकट्यावर येत नाही.

फोन गेला तर पुढे काय होते, तेही जवळून पाहिले पाहिजे. पत्रिका छापलेली नसते. ‘नुसता साखरपुडा आहे’, असे सांगितले जाते. पण मागच्या अंगणात हळदीचे ताट असते आणि मुलीचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले असतात. ग्रामसेवक येतो, अंगणवाडीची पर्यवेक्षिका येते, ठाण्यातून पोलीस येतात. महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाचीच नेमणूक आहे. तो शाळेचा दाखला मागतो. ‘दाखल्यावर तारीख चुकली हाये’, असे म्हणत वडील आधार कार्ड पुढे करतात. त्यावरची तारीख वेगळी असते. कायद्याने वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला आणि जन्माची नोंद पाहिली जाते, म्हणून शाळेतून प्रवेश-निर्गमाचा उतारा मागवला जातो. तोवर वऱ्हाड दारात आलेले असते, भात उतरलेला असतो. आई पदर तोंडाला लावून म्हणते, ‘आता हिले कोन करीन?’ या साऱ्या गडबडीत मुलीला तिचे म्हणणे बहुधा कोणीच विचारत नाही. शेवटी वडिलांकडून लेखी हमीपत्र घेतले जाते आणि मुलीला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेले जाते.

लग्न थांबते. बातमी छापून येते. गाव मात्र फोन कोणी केला याचा शोध घेत राहते. दोन-तीन महिन्यांनी सारे शांत झाले की त्याच मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात मामाच्या गावी नेऊन चार माणसांत अक्षता टाकल्या जातात, असेही घडते. लग्न थांबवणे ही संरक्षणाची पहिली पायरी. दुसऱ्या सोमवारी ती मुलगी पुन्हा वर्गात बसली का, हे पाहणे ही खरी पायरी, आणि ती गावाशिवाय कोणीच चढू शकत नाही. जिल्ह्याचे पथक रोज येऊन दार ठोठावणार नाही.

मुलीच्या आईबापांना खलनायक ठरवूनही हा प्रश्न सुटत नाही. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असते. पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण गाडी वेळेवर यायला हवी आणि फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता मुलीला एकटीने चालता यायला हवा. नवरा-बायको दोघेही सहा महिने उसाच्या फडावर जाणार असतील तर वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न बापाच्या छातीवर असतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात आणि उचल त्या जोडीवर मिळते, म्हणून कोवळ्या वयाची लग्ने या धंद्याच्या सोयीचीही ठरतात. मुलगी जास्त शिकली तर हुंडा वाढतो, हा हिशेबही आहेच. या प्रत्येक अडचणीवर उपाय सरकारी कागदावर सापडतो: हंगामी वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड. पण मुकादमाची गाडी दिवाळीनंतर गावात येते आणि वसतिगृहाचा प्रस्ताव त्यानंतर हलू लागतो. जे आधी व्हायला हवे ते मागाहून होते. बापाला ‘लग्न करू नको’ म्हणणाऱ्या गावाने ‘मग पोरीला कुठे ठेवू?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तरही द्यायला हवे.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. या बालहक्क सप्ताहानंतर दोनच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, डॉ. रखमाबाईंची जयंती आहे. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीचे वयाच्या अकराव्या वर्षी लग्न लावले गेले. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याच्या घरी नांदायला जायचे नाकारले. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल उलटा लागला: नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. ‘तुरुंगात जाईन’, असे तिने सांगितले. ‘केसरी’ने तिच्या विरोधात लिहिले. मोठमोठी माणसे तिच्यावर तुटून पडली. १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे बायकांवर उपचार केले. तिची आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी उभे राहिले नसते, तर ती विशीतली मुलगी एवढ्या मोठ्या समाजापुढे किती दिवस टिकली असती? वाईटपणा त्या घराने तिघांत वाटून घेतला.

या खटल्याने पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाची मर्यादा बारा झाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला उत्तेजन देणारा अशा सर्वांना दोन वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाखापर्यंतचा दंड ठेवला. हा कायदा मुलीला आणखी एक हत्यार देतो: बालपणी लागलेले लग्न ती वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत न्यायालयातून रद्द करून घेऊ शकते. ही गोष्ट आपल्या किती माध्यमिक शाळांतल्या मुलींना माहीत आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. फुले, आगरकर, कर्वे यांचे नाव घेणाऱ्या राज्यात दर पाच जणींमागे एकीपेक्षा जास्त. सव्वाशेहून अधिक वर्षे कायदा पुढे चालतो आहे आणि गाव मागून येते आहे.

बालविवाह निदान डोळ्यांना दिसतो. लैंगिक अत्याचार दिसत नाही, आणि तिथे गप्प बसण्याची किंमत मूल एकटे मोजते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा, विश्वासातला माणूस असतो: नातेवाईक, शेजारी, शिकवणीचा मास्तर, घरी येणारा-जाणारा. आपण मुलांना अनोळखी माणसाची भीती घालतो आणि ओळखीच्या माणसाच्या पाया पडायला लावतो.

बरोबर बालदिनी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा अमलात आला. या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात पाठ असायला हव्यात. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. दडवून ठेवणे हाच गुन्हा आहे. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणताही दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यायचा, घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नाही, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. मूल ठाण्याच्या नावाने घाबरते, आईबाप कोर्टाच्या नावाने, हे जाणूनच हा कायदा लिहिला गेला आहे. तरीही तो ठाण्याच्या उंबरठ्यावर अडू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींच्या प्रकरणात तक्रार नोंदवून घ्यायलाच उशीर झाला आणि हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या दिवशी जो राग उसळला तो खरा होता. पण तो राग शांत झाल्यावर आपल्या गावातल्या शाळेत तक्रारपेटी लागली का, आणि लागली असेल तर ती कोण उघडतो, हे विचारायला किती पालक गेले?

आपल्याकडे आणखी एक उलटा प्रकार होतो. जिथे बोलायला हवे तिथे आपण गप्प असतो आणि जिथे गप्प राहायला हवे तिथे बोलतो. ठाण्यात, बाल कल्याण समितीपुढे, १०९८ वर कोणी बोलत नाही. पारावर, पानटपरीवर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर मात्र मुलीचे नाव, तिचा फोटो, तिच्या घराची कुंडली फिरत राहते. पीडित मुलाची ओळख उघड करणे हा शिक्षेला पात्र गुन्हा आहे. तक्रार करावी, चर्चा करू नये. ही शिस्त आपण वृत्तपत्रांनी पाळली पाहिजे आणि वाचकांनीही. मूल उद्या याच गावात, याच शाळेत राहणार आहे.

बालविवाह आणि पोक्सो यांची गाठ पडते तिथे एक नवी अडचण उभी राहते. अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिला. तो योग्यच आहे. त्यामुळे अल्पवयीन गर्भवती दवाखान्यात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. परिणाम असा होतो की घाबरलेले घर मुलीला दवाखान्यातच नेत नाही, आणि कोवळ्या अंगाचे बाळंतपण घरातच रेटले जाते. आधी लग्नाच्या वेळी गाव गप्प, मग पोटुशी पोर दवाखान्यापासून लपवली जाते. सोळा वर्षांच्या मुलीचा जीव या दोन मौनांच्या मध्ये सापडतो. बाळंतपणाच्या वेळी तिला वाचवायचे असेल तर हळदीच्या दिवशीच वाचवले पाहिजे.

संरक्षण म्हणजे फक्त लग्ने थांबवणे आणि गुन्हे नोंदवणे, असे मानले तर आपल्या जिल्ह्यातली हजारो मुले दृष्टीआड होतील. वाशीम हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भातला जिल्हा. जानेवारी २०१८ मध्ये निती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही तो आला. बाप गेल्यावर घरातला मोठा मुलगा शाळा सोडून ढाब्यावर, गॅरेजवर, ट्रॅक्टरवर दिसू लागतो. ‘घराले हातभार लावते’, म्हणून त्याचे कौतुकही होते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही धंद्यात चालत नाही, आणि त्याला वर्गात परत आणता येण्यासारखी मदतही उपलब्ध आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा, बाल कल्याण समिती आदेश देते. विधवा आईला ही योजना माहीत नसते, माहीत असली तर मृत्यूच्या दाखल्यापासून बँक खात्यापर्यंतचे कागद जमत नाहीत. गावातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने एक दिवस काढून त्या बाईबरोबर वाशीमला जावे. त्यात कोणाचाही वाईटपणा नाही, आणि एक मूल शाळेत राहते.

मग करायचे काय? प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असावी, अशी तरतूद आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीस पाटील, शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि गावातल्या मुलांचे प्रतिनिधी. ही समिती नेमकी याचसाठी आहे की फोन एकट्या माणसाचा ठरू नये, निर्णय गावाचा ठरावा. बहुतेक गावांत ती एका फायलीत असते. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या समितीतली नावे मोठ्याने वाचून दाखवा, अशी मागणी प्रत्येक गावातून व्हावी. बारा ते अठरा वयाची प्रत्येक मुलगी आज कोणत्या शाळेत आहे, याची यादी त्या सभेपुढे यावी. स्थलांतराला जाणारी घरे दसऱ्याच्या आधीच नोंदवली जावीत, म्हणजे वसतिगृहाला वेळ मिळेल. आणि गावाने एक ठराव करावा: या गावात मंडप, बँड, आचारी, छायाचित्रकार आणि लग्न लावणारे भटजी, काझी वा भन्तेजी शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय तारीख घेणार नाहीत. मंडपवाला उद्या ‘माझा काही विरोध नाही, गावाचा ठराव आहे’ असे म्हणू शकला, की त्याच्या डोक्यावरचा वाईटपणा गेला.

बंजारा तांड्यांवर नायक आणि कारभाऱ्यांचा शब्द आजही चालतो. रामनवमीला जिल्ह्यातल्या पोहरादेवीला देशभरातून हा समाज जमतो. तिथून मुलीच्या शिक्षणासाठी निघालेला एक शब्द शंभर सरकारी फलकांहून दूर जाईल. कारंजाजवळच्या मूर्तिजापुरात गाडगेबाबांनी काम उभे केले. घरातली भांडी मोडा, पण पोराला शाळेत घाला, हे ते कीर्तनातून लोकांच्या तोंडावर सांगत. ज्यांचे खात त्यांनाच ते बोल लावत. वाईटपणा घेण्याची त्यांची तयारी या मातीतलीच होती. आजचे कीर्तनकार, गणेश मंडळे, महिला बचत गट आणि भजनी मंडळे यांनी ती पुढे न्यावी.

सगळ्यांत शेवटी मुलांचे स्वतःचे. समितीत त्यांचा प्रतिनिधी असतो तो शोभेला नसतो. मैत्रिणीचे लग्न ठरले आहे हे सर्वांत आधी मैत्रिणीला कळते. शिकवणीचा मास्तर कसा वागतो हे वर्गाला ठाऊक असते. १०९८ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि फोन करणाऱ्याचे नाव गुप्त राहते. हे शाळेच्या भिंतीवर लिहून भागणार नाही. एखाद्या तासाला बाईंनी वर्गासमोर खरोखरच तो क्रमांक लावून दाखवावा, म्हणजे वेळ आल्यावर मुलाचा हात थरथरणार नाही. आणि मुलाने धीर करून सांगितले तर मोठ्यांनी पहिल्या वाक्यात ‘खोटं बोलतो’ असे म्हणू नये. मूल जे सांगते त्यावर आधी विश्वास ठेवायचा, मग शहानिशा करायची.

बालहक्क सप्ताह दरवर्षी येईल. शपथाही घेतल्या जातील. पण पुढच्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात काय बदलले हे मोजायचे असेल तर एकच प्रश्न पुरेसा आहे: गावात ज्याने फोन केला, त्याच्या बाजूने किती जण उभे राहिले? एकाला दहा जणांची साथ मिळाली, तर पुढच्या वेळी अकरावा स्वतःहून फोन करील. ही साथ देणे कोणत्याही खात्याच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे, आणि याच लग्नसराईत आहे.